काल म्हणजे उद्या

दादा,

तुझं तेरावं झालं आणि निघताना फाटकाशी मी वहिनीला म्हणाले, "येते हं वहिनी. डबे राहू देत, काल येऊन घेऊन जाईन."

म्हणाले आणि कडीवरचा हात तसाच राहिला. वहिनीने मान हलवली, "या, या," म्हणाली. तुझा मिहिर पाहुण्यांच्या खुर्च्या टेम्पोत चढवत होता. कुणालाच काही खटकलं नाही. सुदामा नगरच्या त्या गल्लीत खटकणार तरी कुणाला? हिंदीतलं 'कल' मागेही जातं आणि पुढेही, मग इंदुरातल्या निम्म्या मराठी माणसांचं 'काल'ही तसंच दोन्हीकडे हिंडतं. खटकलं असतं ते एकट्या तुला. मी खरोखरच उभी राहिले, की आता आतून आवाज येईल, "मंगू, काल येऊन गेलीस की उद्या येणार आहेस? आधी ते ठरव, मग कडी लाव." व्हरांड्यातल्या तुझ्या खुर्चीवर कुणीतरी टॉवेल वाळत घातले होते.

घरी आले. गॅस बघितला. कुलूप बघितलं. परत गॅस बघितला. मग डायरीत लिहिलं, 'आज मी काल म्हणाले', आणि खाली दोनदा रेघ ओढली. दादा, मला भीती वाटते आहे. तू गेल्याचं रडू मोकळेपणी येतही नाही, कारण मध्येच ही भीती बसकण मारून बसली आहे. भावाचं सुतक फिटलं त्याच दिवशी बहीण स्वतःच्या जिवाला घाबरते, याची लाजही वाटते. पण तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

आपल्या घरात 'काल' हा गुन्हा होता. बाबा गिरणीत कारकून, भाड्याच्या दोन खोल्या, आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे. आईचा नियम एकच, की उंबरठ्याच्या आत मराठी. तिने नियम केला आणि अंमलबजावणी तुझ्याकडे दिली, कारण तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आणि जन्मजात मास्तर. मी खेळून आले आणि म्हणाले, "काल शाळेला सुट्टी आहे," की तू पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचास, "काल होती? मग तू शाळेत जाऊन काय केलंस, झाडलोट?" मला इतका राग यायचा. पण तुझ्यामुळेच काळाची दोन टोकं माझ्या डोक्यात वेगळी राहिली, हे आज म्हणते. तेव्हा चिमटे काढायचे.

आणि ती पाटी आठवते का? शाळेच्या वाटेवर एका पिवळ्या इमारतीवर मोठ्या अक्षरांत 'शिक्षा विभाग' लिहिलेलं असायचं. मी नुकतीच वाचायला लागले होते. अक्षरं तीच, त्यामुळे मराठीच समजून वाचलं आणि गारठलेच. तुला विचारलं, "दादा, इथे कुणाला शिक्षा करतात?" तू तोंड पाडून म्हणालास, "जी मुलं 'उद्या'चं 'काल' करतात त्यांना." पुढे महिनाभर मी त्या इमारतीसमोरून जायला तयार होईना. मग तूच माझा हात धरायचास आणि म्हणायचास, "डोळे मीट. पाटी गेली की मी सांगतो." मी डोळे घट्ट मिटून चालायचे आणि थोड्या वेळाने तुझा आवाज यायचा, "गेली." त्याच खात्यात मी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि तू दर वर्षी विचारलंस, "काय मंगू, शिक्षा अजून संपली नाही?"

वाचायला मला तू शिकवलंस, आणि वाचायचं कशासाठी तेही. तुझी रीत जगावेगळी होती. लायब्ररीतून मराठी पुस्तक आणायचं, पेन्सिल घेऊन वाचायचं, छपाईच्या चुका समासात दुरुस्त करायच्या. लायब्ररीतले काका वैतागून म्हणायचे, "भिया, ही पब्लिकची पुस्तकं आहेत, पोरांच्या परीक्षेच्या कॉप्या नाहीत!" पण खरी रीत ती नव्हे. खरी रीत अशी, की वाचलेलं पुस्तक कुणाला तरी पूर्ण सांगितल्याशिवाय परत करायचं नाही. ते 'कुणीतरी' म्हणजे मी. दर रविवारी सकाळी तू माझ्याकडे यायचास, पोह्यांवर शेव जास्त घालून घ्यायचास आणि अख्खं पुस्तक सांगायचास, पात्रांच्या आवाजांसकट. हे गेले, मुलगी पुण्याला गेली, घर रिकामं झालं, पण रविवार रिकामा गेला नाही. किती तरी पुस्तकं मी कधी उघडलीच नाहीत, तरी ती मला पाठ आहेत. म्हणजे होती.

आपलं एक भांडण तसंच राहून गेलं, दादा. मी सगळं लिहून ठेवणारी. दूधवाल्याचे खाडे, पाहुण्यांची नावं, कोण काय बोललं, सगळं डायरीत. तुझं म्हणणं, लिहिलं की मन हात झटकून मोकळं होतं. पोलोग्राउंडच्या कारखान्यात तू स्टोअर सांभाळलंस, हजार सुटे भाग, कुठला कुठल्या फळीवर ते सगळं डोक्यात. तिथे म्हणायचेच, "भिया से पूछ लो, रजिस्टर बाद में देखना." मी म्हणायचे, "लिहिलं की राहतं." तू म्हणायचास, "लिहिलं की सुटतं." वीस वर्षं हेच. कुणीच हरलं नाही.

देवाच्या बाबतीतही तुझं तसंच. देवळाची पायरी तू कधी चढला नाहीस, पण दिवेलागणीला आईने शिकवलेलं देवीचं स्तोत्र कधी चुकवलं नाहीस. कारखान्यात दुपारपाळी असली तर स्टोअरच्या खिडकीत उभं राहून. मी चिडवलं, "नास्तिकांचं हे कसलं सोवळं?" तू म्हणालास, "देवाचं मला ठाऊक नाही. आईला हो म्हटलंय." एवढंच. ते स्तोत्रही कागदावर नव्हतं. आईच्या तोंडून तुझ्या तोंडी आणि तुझ्या तोंडून माझ्या. मी लिहायला घेतलं तर तू वही ओढून घेतलीस. म्हणालास, "एवढं तरी तोंडी राहू दे."

आता ते सांगते, जे तू असताना सांगायचं धाडस झालं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी तुझा फोन आला. "मंगू, पुस्तक संपलं. काल येतो."

मी आधी ऐकतच राहिले आणि मग एवढी हसले की फोन हातातून सुटायची वेळ आली. "दादा! तू? काल येतो? झालास, शेवटी इंदुरी झालास!" मग तूही हसलास. जरा उशिरा हसलास. ते उशिरा हसणं मला तेव्हा ऐकू आलं होतं, दादा, हीच माझी शिक्षा आहे. ऐकू आलं आणि मी ते बाजूला सारलं. तो किस्सा तीन घरी सांगितला. वहिनीने तर टाळी दिली, कारण ती देवासची, लग्न होऊन आल्यापासून 'काल येते' म्हणणारी आणि चाळीस वर्षं तुझी बोलणी खाणारी. ती म्हणाली, "बघा, मी नाही सुधरले, हेच बिघडले!" आम्ही सगळे हसलो. तूही मध्ये बसून हसत होतास.

परवा डायरी काढून ते पान बघितलं. 'दादा आज काल म्हणाला! हसून हसून पोट दुखलं.' पुढे दोन उद्गारचिन्हं. लिहिलं की राहतं म्हणणारी मी. लिहून ठेवलं आणि परत एकदा वाचलं नाही.

त्या दिवसानंतर तू 'काल'ही म्हणाला नाहीस आणि 'उद्या'ही. वारांची नावं घ्यायला लागलास. 'शुक्रवारी येतो.' 'मंगळवारी झालं.' मला वाटलं, दादा म्हातारपणी काटेकोर झाला. मग रविवार चुकायला लागले. फोन केला तर म्हणायचास, "पुस्तक काही खास नाही गं. सांगण्यासारखं काही नाही." तीनदा हेच ऐकलं आणि मी फुगले. म्हटलं, कंटाळला असेल आपल्याला, दर रविवारी तेच तोंड बघून. दोन महिने मी फोन केला नाही. दादा, तू तिकडे एकटा घाबरून बसला होतास आणि मी इकडे रुसून बसले होते. ह्याची माफी मागायची होती. मागायला आले तेव्हा माफ करणारा दादा जागेवर नव्हता.

त्या सकाळी तू व्हरांड्यात बसला होतास. मला बघून उठलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "आइए बहनजी, बैठिए."

तोवर डॉक्टर झाले होते, वहिनीच्या फोनवरून आजाराचं नाव कळलं होतं. तू नाव विसरशील, चेहरा विसरशील, ही तयारी मी केली होती. आईनेही शेवटची दोन वर्षं मला तिची धाकटी बहीण समजून काढली होती. पण आई मला मराठीतून विसरली होती रे. तू माझ्याशी हिंदीत बोललास. आपल्या घरात हिंदी उंबरठ्याबाहेरच्यांसाठी होती. तू एका वाक्यात मला बाहेर उभं केलंस, तेही किती अदबीने. मी म्हणाले, "हां जी, बैठती हूं." दुसरं काय म्हणणार होते?

तरीही स्तोत्र शाबूत होतं. सगळं पुसलं गेलं तरी दिवा लागला की तू सुरू व्हायचास, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी यायला लागले. तेवढा वेळ तू मराठी असायचास, आईचा असायचास, म्हणून माझाही. मी देवीला मनातून म्हणायचे, बाई, माझा तुझ्यावर विश्वास आहे की नाही मला माहीत नाही, पण हे एवढं याच्यापाशी राहू दे. मग तू मध्ये अडखळायला लागलास. मी पुढचा शब्द सांगायचे, तू तो पकडून पुढे जायचास. मला बरं वाटायचं. वाटायचं, लहानपणीचं थोडं तरी फेडते आहे.

आणि गेल्या माघात एका संध्याकाळी तू थांबलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं, तर तिथे काहीच नव्हतं. सहाव्या कडव्याच्या पुढे कोरं. आपण दोघं समोरासमोर बसलो होतो, दिवा जळत होता, आणि दोघांपैकी कुणालाच पुढचं येत नव्हतं. तू वाट बघून बघून विचारलंस, "आगे?" मी म्हटलं, "थांब हं, आठवते." आठवलं नाही. वहिनीने आत टीव्ही लावला तेव्हा कुठे मी उठले. रिक्षात बसले, कॉलनीचा चौक आला आणि अचानक सगळं कडवं धाडदिशी तोंडात आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी मोठ्याने म्हणत होते.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

तेव्हापासून माझी प्रार्थना राहिली नाही, परीक्षा झाली. रोज दिव्यापुढे उभी राहते, आणि ते देवीसाठी नसतं, अडखळते का ते बघायला असतं. न अडखळता संपलं की हात जोडायचेही विसरते, इतकी सुटल्यासारखी होते. सकाळी उठल्या उठल्या खंडव्याच्या जुन्या लाइनीवरची स्टेशनं म्हणते. राऊ, महू, पाताळपाणी, कालाकुंड, चोरल. वर्गात पोरींकडून म्हणून घेत होते, आता स्वतःकडून घेते. पुस्तक वाचते आणि पान उलटायच्या आधी मागे जाऊन बघते, की कोण कुणाचा कोण होता. असं कुणी वाचतं का? चोर सापडावा म्हणून घर उसकटल्यासारखं मी वाचते. आई झाली, तू झालास, आणि मी त्रेसष्टची आहे. रांगेत पुढे कोण आहे ते मोजायला भूगोल लागत नाही.

मिहिरला नुसतं एवढंच म्हटलं, की हल्ली चष्मा कुठे ठेवते आठवत नाही. तो हुशार, तुझ्यावर गेलाय. लगेच मोबाइल काढला. "आत्या, बाबांच्याच डॉक्टरचा नंबर लावतो. टेन्शन नको घेऊ यार, चेकअप करवून घे, कुछ नहीं निकलेगा." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे तुला कळलं असतं. त्याला कळलं नाही. त्याने नंबर लावून टाकला. तेव्हापासून मी ते रद्द करायला कारण शोधत होते.

आज डबे आणायला गेले. फाटकाशी म्हणाले ते 'काल' आज उजाडलं, दादा. वहिनीने डब्यांबरोबर एक लायब्ररीचं पुस्तक हातात ठेवलं. म्हणाली, "वन्सं, हे परत करून द्याल का? लायब्ररीवाल्यांचे खूप फोन आले होते. हे देऊच देत नव्हते. मी मागितलं की म्हणायचे, अजून मंगूला सांगायचं आहे."

पुस्तकावर तारीख तीन वर्षांपूर्वीची. त्या शनिवारच्या आठवड्यातली.

मी तिथेच, ओट्याशी उभं राहून, पुस्तक उघडलं. पानापानांवर तुझी पेन्सिल. पण छपाईच्या चुका नव्हत्या त्या. पहिल्या पानापासून नावांच्या खाली रेघा, समासात बारीक अक्षरात, 'हा थोरला', 'ही त्याची बायको', 'हा मागे आला होता'. मग त्याच पानावर दुसऱ्यांदा वाचताना पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुन्हा. तुला गोष्ट सांगता येत नव्हती, म्हणून रीतीप्रमाणे पुस्तक परत करता येत नव्हतं, म्हणून तू परत परत वाचत होतास. आणि मला म्हणत होतास, सांगण्यासारखं काही नाही. शेवटच्या पानापाशी घडी घातलेला एक कागद होता. कधीही काही न लिहून ठेवणाऱ्या माणसाचा कागद. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत, पाटीवर गिरवून घेतात तसं,

काल – गेला.
उद्या – येणार.
काल – गेला.
उद्या – येणार.

दोन्ही बाजूंनी. अक्षर तुझंच, सुंदर, एकाही वेलांटीची चूक नाही.

मी हसले होते, दादा, आणि तू घरी बसून गिरवत होतास.

मी तो कागद मुठीत घेऊन खाली बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, मला भीती वाटते."

"कशाची हो?"

"मी पण विसरायला लागले आहे. माघापासून. कुणाला सांगितलं नाही."

वहिनी गॅस बंद करून माझ्याशेजारी फरशीवर बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. मग म्हणाली, "यांनी मला नाही सांगितलं बघा. चाळीस वर्षं माझी बोली सुधरवली, काल नाही उद्या, काल नाही उद्या. पण ही एक गोष्ट नाही सांगितली. मी बाजूच्या खोलीत होते हो, दूर थोडीच होते." आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, अच्छा केलंत. मिहिर म्हणून गेलाय, अकराचा नंबर आहे. मी पण चलते. दरवाजातून हात धरून आत नेईन. काल तयार राहा."

मी तिला सुधारलं नाही. ती बरोबर बोलत होती.

आपलं भांडण मिटलं की नाही मला माहीत नाही. मी लिहिलं ते वाचलं नाही, तू लिहिलंस ते दाखवलं नाहीस. पण हे लिहून झालं की मी वहिनीला वाचून दाखवणार आहे, मोठ्याने, सगळं. सांगितल्याशिवाय परत करायचं नाही. तुझं पुस्तकही आता मीच वाचणार, तुझ्या रेघांसकट, आणि रविवारी तिला सांगणार. जेवढं आठवेल तेवढं.

भीती गेलेली नाही. संध्याकाळी स्तोत्र म्हटलं, सहावं कडवं संपलं आणि पुढचं आलं. या वेळी हात जोडले. दवाखान्याच्या दारावर पाटी असेल, दादा, आणि मी तिच्यासमोरून त्या पिवळ्या इमारतीपुढून जायचे तशीच जाणार आहे. हात वहिनीचा असेल. डोळे मी मिटीन. 'गेली' म्हणायला तू नसशील.

काल अकरा वाजता मी डॉक्टरकडे जाणार आहे.

चुकीचं लिहिलंय, मला माहीत आहे. मुद्दाम लिहिलंय. दुरुस्त कर ना.

तुझी,
मंगू